खोका, काका

आई अजून विचारते, तू डॉक्टर का नर्स.
मी म्हणते, मधली.
'रेस्पिरेटरी थेरपिस्ट' तिच्या जिभेवर बसत नाही,
शेजारच्या आखरेबाईंना ती सांगते,
'पोरगी हवेच्या खात्यात आहे.'
बरोबरच आहे.

तिसऱ्या मजल्यावर एक श्वास
दोन चमच्यांएवढाही नसतो.
मनगटाच्या पट्टीवर लिहिलेलं : सुगंधा उईके यांचं बाळ,
वजन एक किलो चारशे.
देवलापारहून रात्रीच्या ॲम्ब्युलन्सनं आलेलं,
नाव ठेवायला कुणाला सवडच मिळाली नव्हती.
नळी तीन नंबरची, ओठाशी साडेसातवर चिकटवलेली.
अर्धा सेंटीमीटर सरकली तर एकच फुप्फुस भरतं,
एक सेंटीमीटर, तर एकही नाही.
चिकटपट्टी कापताना मी स्वतःचा श्वास धरते,
हे कुठल्याच कोर्समध्ये शिकवलेलं नाही.

तळमजल्यावर नंदेश्वर काका.
कोराडीच्या राखेत एकतीस वर्षं.
नळी आठची. आवाज नाही, पाटी आहे.
पहिल्या दिवशी लिहिलं : पाणी.
दुसऱ्या दिवशी : बायको जेवली का.
तिसऱ्या दिवशी, वाकड्यातिकड्या अक्षरात : खर्रा.
तेव्हाच मला वाटलं, हे घरी जातील.

लिफ्टमध्ये मी हात बदलते.
वरची पिशवी दोन बोटांनी दाबायची,
खालची अख्ख्या मुठीनं.
घाईत चुकून खालचा हात वर नेला
तर काय होईल, याचं स्वप्न मला
महिन्यातून एकदा तरी पडतं.

मंगळवारी पहाटे चार वाजून वीस मिनिटं.
मॉनिटरवरचं हृदय थांबलं,
पण व्हेंटिलेटरला ते कळत नाही.
तो देतच राहतो. मिनिटाला चाळीस.
छाती उचलली जाते, खाली येते,
आई बघत राहते, तिला वाटतं, चाललंय की.
कुणीतरी बटण दाबावं लागतं.
ते कुणीतरी मी.
पट्ट्या तेल लावून सोडवल्या, कातडी सोलू नये म्हणून,
आता कशाला, असं कुणी म्हणालं नाही.
नळी निघाल्यावर सुगंधानं पहिल्यांदाच
तिचं अख्खं तोंड पाहिलं.
'हनुवटी बापावर गेली,' म्हणाली.
सहा वाजता सर्किट बदलून
मशीन पुन्हा तयार होतं.

आज पोळ्याचा दुसरा दिवस.
गांधीबागेकडून ढोल येतात,
काळी निघाली, पिवळी निघाली,
वॉर्डबॉय ईश्वर खिडकीला चिकटलाय :
'मॅडम, अख्खं नागपूर वरडून राहिलं ना जी,
खोकला घेऊन जा गे मारबत!'
आणि मी काकांच्या कानाशी :
खोका. काका, खोका.
फुग्यातली हवा काढली, नळी ओढून घेतली.
आता तुमचं तुम्ही. पोटातून. जोरात.
एक घरघर.
मग काही नाही.
काकूंची पिशवी दाराशी वाजली,
तरी काही नाही,
माझी नजर नव्या नळीच्या पाकिटाकडे गेलीसुद्धा,
आणि मग आला,
काळा, चिकट, एकतीस वर्षं मुरलेला,
कोराडीच्या चिमणीएवढा उंच
देखणा खोकला.
माझ्या ॲप्रनवर.

काका घोगऱ्या आवाजात म्हणाले,
'काहून वं पोरी, रडून राहिली काय?'
म्हटलं, नाही, उडालं डोळ्यात.

बाहेर ती दोघी जळायला निघाल्यात,
अख्ख्या शहराची पीडा डोक्यावर घेऊन.
ने गे बाई, सगळं ने.
हा एवढा खोकला राहू दे.

लिफ्ट. तिसरा मजला.
चार नंबरवर नवं बाळ, दीड किलो.
मशीन जोडायच्या आधी
मी हल्ली नाव विचारते.